परदेश, खरवई, बदलापूर (पूर्व)

विद्यार्थी परदेशात विमानाने जातो, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. विमान फक्त त्याचे शरीर आणि तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा नेते. विद्यार्थी जातो तो सत्काराने. ज्याला शाल मिळाली तो गेला. ज्याला मिळाली नाही तो तिकडे दहा वर्षे राहून तिकडचा नागरिक झाला, तरी गावाच्या लेखी तो 'कुठेतरी बाहेर असतो'.

या शास्त्राप्रमाणे परदेशगमनाचे चार टप्पे पडतात: प्रवेशपत्र, सत्कार, व्हिसा आणि प्रस्थान. मार्गदर्शनपर पुस्तकांत दुसरा आणि तिसरा टप्पा उलटा छापलेला आढळतो. ती पुस्तके लिहिणाऱ्यांच्या प्रभागात कधी निवडणूक लागली नसावी.

बदलापूर गावातल्या गोजरबाईंचा धाकटा मुलगा भावेश याला जुलै महिन्यात तिकडच्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. (देशाचे नाव येथे दिलेले नाही. त्याची तिकडची कागदपत्रे अजून ओली आहेत, आणि गोजरबाई त्या देशाला 'तिकडं' एवढेच म्हणतात. आपणही तेच म्हणू.) विषय होता पुरवठा साखळी व्यवस्थापन, म्हणजे एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी वेळेवर आणि धड कशी पोचवावी याचे दोन वर्षांचे शिक्षण.

ही बातमी सकाळी दहाला भावेशच्या फोनवर आली आणि सव्वा दहाला हिंदुरावांकडे पोचली. हिंदुराव हे प्रभागाचे भावी नगरसेवक. गेली अकरा वर्षे ते भावीच आहेत. (बालवाडीतल्या एका पिढीला 'भावी' हे त्यांचे आडनाव वाटते.) आचारसंहिता पंधरवड्यात लागणार अशी हवा होती आणि ती लागली की बॅनर उतरवावे लागतात. त्यामुळे सत्कार व्हिसाच्या आधी उरकणे हे निव्वळ कायद्याचे पालन होते.

बॅनर बारा बाय वीसचा होता. मध्यभागी भावेश गॉगल लावून, मागे विमान, त्याच्या मागे दुसरे विमान, आणि भोवती शुभेच्छुकांचे सत्तावीस गोल चेहरे. वर डाव्या कोपऱ्यात भावेशचे वडील कै. महिपती, ढगांत. खाली ज्वाळांच्या अक्षरांत लिहिले होते: 'गावाचा वाघ निघाला सातासमुद्रापार, आता परत फिरणे नाही.' छपाईवाल्याकडच्या तयार नमुन्यात तारखेची जागा होती. ती रिकामी राहिली तर बॅनर भकास दिसतो, म्हणून त्याने विचारून घेऊन 'प्रस्थान: १४ ऑगस्ट' असे टाकले. तिकीट अजून काढलेले नव्हते. पण बॅनरवर तारीख आली म्हणजे आली.

तेरा दिवसांत सात सत्कार झाले. शाली नऊ, नारळ एकतीस, गणपती चार, घड्याळे तीन (तिन्ही भिंतीवरची, तिन्ही बदलापूरच्या वेळेवर चालणारी).

या सगळ्याकडे बारीक नजर ठेवून होती ती माधवी, भावेशची वहिनी. बी.कॉम. झालेली, वय एकतीस, खरवईला नव्या इमारतीत राहणारी, चार वर्षांच्या चिमीची आई. काळजी करणे हे घरात तिच्याकडे असलेले खाते. तिचा नवरा संतोष अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि घरी आल्यावर काही सांभाळत नाही. भावेशचे सगळे अर्ज माधवीने भरले होते. त्यामुळे सत्कार चालू असताना व्हिसा आलेला नाही ही गोष्ट व्यासपीठावर एकट्या तिलाच आठवत होती.

पण तिला आणखी एक गोष्ट दिसत होती. महिपती गेल्यापासून दोन वर्षे गोजरबाई उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. कोणाच्या हळदीला नाही, लग्नाला नाही, समोरच्या दारी बारशालासुद्धा नाही. पहिल्या सत्काराला त्यांनी पेटीतून पोपटी साडी काढली. सातव्या सत्कारापर्यंत त्या पहिल्या रांगेत बसून शेजारणीला सांगत होत्या, "माझे पोऱ्याला तिकडं बोलावलंय. तो नाय बोलत होता. तेच ऐकंनात."

व्हिसाचे काम उल्हासनगरच्या धर्मेशकडे होते. कॅम्प तीनमध्ये कापडाच्या दुकानावर त्याचे ऑफिस. एका भिंतीवर जगाचा नकाशा, दुसऱ्या भिंतीवर सिंध्यांचा देव झुलेलाल, आणि दोघांच्या मध्ये धर्मेश.

"भाभी, टेन्शन नाय घ्यायचा," तो म्हणाला होता. "फाइल एकदम कडक बनवली आहे. बॅनरचा फोटोपण लावला, इंग्लिश करून, नोटरी मारून. ऑफिसरला दिसला पाहिजे ना, की मुलाची गावात इज्जत किती आहे."

ऑफिसरला दिसला. बारा ऑगस्टला पत्र आले. त्यात अत्यंत सभ्य भाषेत लिहिले होते की, शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परत येईल याबद्दल आमचे समाधान होत नाही. पाहा परिशिष्ट सात, ओळ दुसरी.

परिशिष्ट सात म्हणजे बॅनर. ओळ दुसरी म्हणजे 'आता परत फिरणे नाही'. नोटरीच्या शिक्क्यासह.

(येथे न्यायबुद्धीने हे नोंदवले पाहिजे की, हिंदुरावांच्या आजवरच्या घोषणांपैकी कोणीतरी शब्दशः खरी मानलेली ही पहिलीच.)

त्या दिवशी खरवईला तिघांची बैठक बसली.

"आयेला सांगून टाकू," भावेश म्हणाला.

"सांग की," संतोष म्हणाला. "तू सांगायला घे. मी तोवर गाडीत पेट्रोल टाकून येतो."

"दादा, तू पण चल."

"मी? भाव्या, मी बॅनरवर दुसऱ्या नंबरला आहे. हात जोडून."

माधवी म्हणाली, "आईंनी साडी इस्त्रीला दिलीय. परवासाठी. उद्या संध्याकाळी सुकट भाजून पिशव्या भरणार आहेत. सकाळी मला फोन करून विचारलं, निरोपाला रडलं तर चालतं का, की तिकडं अपशकुन मानतात."

 आतल्या खोलीत चिमी बाहुलीला शाल पांघरून तिचा सत्कार करत होती.

"धर्मेशभाई म्हणतात पुन्हा अर्ज करता येतो. जानेवारीच्या प्रवेशाला," माधवी म्हणाली. "म्हणजे प्रश्न फक्त पाच महिन्यांचा आहे."

"पाच महिने मी कुठं जाऊ?" भावेशने विचारले.

माधवीने मागच्या खोलीकडे पाहिले. बिल्डर तिला मास्टर बेडरूम म्हणत असे. माधवी तिला वाळलेले कपडे म्हणत असे.

चौदा ऑगस्टला पाठवणी थाटात झाली. ब्रास बँड होता. गोजरबाईंनी ओवाळले, दही दिले, आणि अपशकुनाची शंका मिटलेली नसल्याने डोळ्याला पदर न लावता नाकाला लावला. विमानतळावर गर्दी चालत नाही असे संतोषने सगळ्यांना बजावून ठेवले होते, म्हणून गाडीत तिघेच होते. विमानतळ ज्या दिशेला आहे त्या दिशेला गाडी चार मिनिटे गेली. मग उड्डाणपुलावर चढली, पूर्वेला उतरली आणि एकूण बावीस मिनिटांत विद्यार्थी परदेशात दाखल झाला. वाटेत एक रेल्वेमार्ग ओलांडावा लागला. समुद्र एकही लागला नाही.

माधवीने त्याच संध्याकाळी कपाटाच्या आतल्या बाजूला नियमावली चिकटवली. ती अशी:

एक. तिकडची वेळ आपल्या मागे साडेचार तास. सत्कारातले एक घड्याळ मागच्या खोलीत, तिकडच्या वेळेवर लावावे.

दोन. विद्यार्थ्याने गॅलरीत येऊ नये. तिकडे बाहेर थंडी असते.

तीन. तिकडे कामवाली नसते. आपले ताट आपण घासावे, आपले कपडे आपण धुवावेत, आपली भूक लागली की आपण उठावे.

चार. शेजारी आवाजाबद्दल विचारतील. आवाज टीव्हीचा आहे. टीव्ही बंद असला तरी.

पाच. चिमी.

पाचव्या नियमापुढे तिने काही लिहिले नव्हते. तेव्हा सुचले नव्हते.

तिसऱ्या नियमाचा परिणाम मात्र विस्मयकारक झाला. माधवीच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि या काळात सासरच्या एकाही पुरुषाने जेवल्यावर ताट उचलल्याची नोंद नव्हती. भावेश दुसऱ्या आठवड्यात डाळ-भात, चौथ्या आठवड्यात भाकरी (आकार: तिकडच्या नकाशासारखा) आणि आठव्या आठवड्यात जवळ्याची चटणी करू लागला. गोजरबाईंना तो फोनवर सांगे, "आये, आज भांडी घासली, कपडे धुतले, स्वयंपाक केला." त्या गहिवरून शेजारणीला सांगत, "तिकडं गेल्यावर पोऱ्या सुधरला." आणि हे अक्षरशः खरे होते. परदेशाने माणूस घडतो तो असा. त्यासाठी परदेश लागतोच असे नाही. माधवीने संतोषलाही तिकडे पाठवण्याची शक्यता तपासली, पण खोली एकच होती.

व्हिडिओ कॉल रोज दुपारी दीडला होई, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. त्यासाठी एक भिंत ठरवली होती. माधवीने तिला फिका राखाडी रंग दिला, उल्हासनगरहून आणलेला एक लांब मानेचा दिवा शेजारी ठेवला, आणि एका कुंडीत न मरणारे प्लास्टिकचे झाड. भावेश अंगात जाड जॅकेट घालून त्या भिंतीपुढे बसे. (जॅकेटही उल्हासनगरचेच. त्याच्या आतल्या पट्टीवर तिकडच्या देशाचे नाव छापलेले होते, ती दुकानदाराने समोर शिवून दिली.) पंख्याचा आवाज जाऊ नये म्हणून पंखा बंद. महिना ऑक्टोबर.

"घाम रं कसला इतका?" गोजरबाईंनी विचारले.

"हीटर आहे, आये."

"बंद कर मग."

"सरकारी आहे. बंद होत नाही."

"बरा सरकार हाय," गोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला पंखा एकने वाढवला.

अडचणी अगदी आल्या नाहीत असे नाही. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. ती गावातही जाते आणि खरवईतही, एकाच सेकंदाला. तिसऱ्या शुक्रवारी गोजरबाई म्हणाल्या, "तिकडं पन शुक्रवारीच जाते का रं?" भावेश म्हणाला की सगळ्या प्रगत देशांत शुक्रवारीच जाते, आणि वीज कंपनीबद्दल गोजरबाईंचे मत त्या दिवसापासून सुधारले. एकदा खालून भाजीवाल्याची गाडी गेली, भोंग्यातून कांदा-बटाट्याचा भाव सांगत, मराठीत आणि हिंदीत.  गोजरबाई मान वाकडी करून ऐकत राहिल्या. "आपली मानसं कुठंकुठं पोचली," त्या म्हणाल्या. "पर भाव तोच लावलाय मेल्यानं."

या सर्व व्यवस्थेचा खरा आधारस्तंभ चिमी होती. माधवीने तिला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितले की भावेशकाका कुठे आहे असे कोणी विचारले तर तिकडे आहे असे म्हणायचे.

"पण काका आत आहे," चिमी म्हणाली.

"हो. पण म्हणायचं तिकडे."

"आत म्हणजे तिकडे?"

"हो, तसंच समज."

चिमीने तसे समजून घेतले. आठवडाभरात ती विचारण्याआधी सांगू लागली. लिफ्टमधल्या काकूंना, दूधवाल्याला, डॉक्टरांना. डोळ्याला डोळा भिडवून, मान किंचित तिरकी करून. माधवीला हायसे वाटले. (हायसे वाटणे हे काळजीचे सर्वात फसवे रूप आहे. पण ते नंतर कळते.)

दिवाळीच्या चार दिवस आधी गोजरबाई न सांगता खरवईला आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा एकट्या रिक्षाने. हातात फराळाचा डबा. भावेश तेव्हा हॉलमध्ये लसूण सोलत होता. दारावरची बेल वाजली, चिमीने स्टुलावर चढून, भिंगातून पाहून "आजी" असे जाहीर केले, आणि पुरवठा साखळीचा विद्यार्थी चार सेकंदांत बाथरूममध्ये पोचला. जाताना त्याला लसूण उचलायची आठवली, फोन घ्यायचा आठवला. साली उचलायचे आणि कडी लावायचे मात्र राहिले.

"कोन लसून सोलत होता?" गोजरबाईंनी बसताबसता विचारले.

"मी," चिमी म्हणाली.

माधवीने आपल्या चार वर्षांच्या मुलीकडे पाहिले. हे तिने शिकवलेले नव्हते.

"गुनाची गं माझी," म्हणत गोजरबाईंनी डबा पुढे केला. "हे पार्सल करायचंय तिकडं. आनि फोन लावून दे त्याला. विचारते करंज्या किती टाकू."

"आई, आत्ता तिकडं सकाळ आहे. कॉलेजात असतील भाऊजी."

"असू दे. आये हाय मी. मास्तर काय बोलनार नाय."

माधवीने फोन लावून त्यांच्या हाती दिला, आणि सोलापुरी चादरींचा ढीग बाथरूमच्या दारापुढे ठेवून त्यावर बसली, जणू रोज तिथेच बसते. भिंतीपलीकडे फोन थरथरला. भावेश पडद्यावर आला. मागे निळ्या फरशा होत्या.

"कुठं हायस रं?" गोजरबाई हॉलमधून म्हणाल्या.

"लायब्ररीत, आये. हळू बोलावं लागतं."

"लायब्ररी धुतली का काय? चकचकीत हाय."

"रोज धुतात."

"करंज्या पाठवते हां. वहिनी पार्सल करेल. आनि रोड झालास का तू? त्या लायब्ररीत बसून बसून नको वालू."

"नाही, आये."

"आवाज कसा घुमतोय तुझा. देवळात असल्यासारखा."

"मोठी आहे लायब्ररी," भावेश म्हणाला. नळ टपकत होता.

गोजरबाई गेल्यावर अकराव्या मिनिटाला फराळ विद्यार्थ्याच्या हाती पडला. आंतरराष्ट्रीय पार्सलच्या इतिहासात हा वेग नोंदवला गेला पाहिजे. नियमाप्रमाणे त्याने आठ दिवस थांबून फोन केला आणि करंज्या पोचल्याचे सांगितले. एकही मोडली नव्हती. गोजरबाईंनी ही गोष्ट अख्ख्या आळीला सांगितली आणि त्या कुरिअर कंपनीचे नाव विचारायला तिघेजण माधवीकडे आले.

नोव्हेंबरात बालवाडीच्या बाईंनी माधवीला बोलावून घेतले. 'माझे घर' या विषयावर चिमीने चित्र काढले होते. आई, बाबा, चिमी, आणि एक कपाट. कपाटाला दोन पाय होते.

"कल्पनाशक्ती चांगली आहे," बाई म्हणाल्या. "फक्त विचारलं की हे कोण, तर म्हणते कोणी नाही. आणि इतक्या खात्रीने म्हणते की मलाच वाटलं, पाय मीच काढले."

त्या संध्याकाळी माधवीला प्लास्टिकच्या झाडाच्या कुंडीत दूध सापडले. आठवडाभराचे असावे.

"चिमी, दूध प्यायलीस?"

"हो," चिमी म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून, मान किंचित तिरकी करून.

माधवी कपाट उघडून नियमावलीपुढे उभी राहिली. पाचवा नियम अजून रिकामा होता. स्वयंपाकघरात भावेश भाकरी थापत होता आणि मागच्या खोलीतल्या तिकडच्या घड्याळात दुपारचे दोन वाजले होते. एका बाईला उंबऱ्याबाहेर आणण्यासाठी आपण एका पोरीला कुठे पाठवले आहे, आणि तिथून परतीचा व्हिसा कोण देतो, हे तिला कोणत्याही फॉर्ममध्ये सापडेना. तिने कुंडी धुतली. दुसरे दूध दिले आणि ते संपेपर्यंत समोर बसली.

दुसरा अर्ज डिसेंबरात गेला. बॅनर वगळला होता. मायदेशाशी असलेल्या घट्ट नात्याचा पुरावा काय लावायचा यावर धर्मेशने डोके खाजवले.

"भाभी, मुलगा आत्ता कुठे आहे?"

"घरीच."

"बाहेर जातो?"

"साडेतीन महिन्यांत गॅलरीतसुद्धा नाही."

धर्मेशच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. अर्जदार आपल्या कुटुंबाला इतका जोडलेला आहे की गेले साडेतीन महिने त्याने घराचा उंबरा ओलांडलेला नाही, असे प्रतिज्ञापत्र तयार झाले. त्यातले अक्षर न् अक्षर खरे होते. ऑफिसरचे समाधान झाले. अर्जदार परत येईल याची त्यांना आता खात्री वाटली. प्रश्न उरला होता तो जाईल का एवढाच.

भावेश जानेवारीच्या एका सकाळी गेला. बॅनर नाही, बँड नाही, शाल नाही. गावाच्या लेखी तो पाच महिन्यांपूर्वी गेला होता, आणि गेलेला माणूस पुन्हा जाऊ शकत नाही. जाताना त्याने चिमीला उचलले. चिमीने विचारले, "काका, तू आता कुठल्या तिकडे चाललास?" त्याने तिला खाली ठेवले आणि बॅग उचलली.

"वहिनी, गाडी गावातून घेऊ?" त्याने विचारले. "रस्ता उलटा पडेल, मला माहितीये."

घेतली. तोंडावर मास्क, डोक्यावर जॅकेटची टोपी, काच बंद. गोजरबाई ओट्यावर भिमाबाई कोळणीच्या पाटीपुढे बसून बोंबील निवडत होत्या. पोपटी नाही, पण चांगली साडी होती. त्या काहीतरी सांगत होत्या आणि भिमाबाई मान हलवत होती. गाडी हळू झाली. गोजरबाईंनी वर पाहिले, काळ्या काचेकडे, आणि रस्ता अडतो म्हणून आपले पाय आत घेतले. भावेश खाली वाकला, बुटाची नाडी बांधत असल्यासारखा, आणि विमानतळाच्या रस्त्याला लागेपर्यंत वर आला नाही. नमस्कार करण्याची ही पद्धत नियमावलीत नव्हती.

तिकडून पहिला खरा कॉल चार दिवसांनी आला. भावेश एका खोलीत जमिनीवरच्या गादीवर बसला होता. मागे ओल आलेली भिंत, दोरीवर पाच जणांचे मोजे, कोपऱ्यात कोणीतरी पांघरुणाखाली झोपलेले. अंगात टी-शर्ट. (हीटर खरोखरच बंद होत नव्हता.) गोजरबाईंनी बराच वेळ पाहिले.

"हे कुठं हायस तू?"

"इथेच आहे, आये. तिकडंच."

"हे तिकडं नाय," गोजरबाई म्हणाल्या. "तिकडं मी पाच महिने बघते. मना नको सांगू. तिकडचा दिवा कुठं हाय? झाड कुठं हाय? ती धुतलेली लायब्ररी कुठं हाय? खरं बोल. परत आयलास ना? हाकलला ना तुला? उल्हासनगरला कुठं राहातोस का?"

"नाही, आये, शप्पथ."

"चिमीला दे."

भावेशने खरवईलाही कॉलमध्ये जोडले आणि चिमी आली. "काका तिकडे आहे," ती म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती खरे बोलत होती, आणि पहिल्यांदाच अडखळली.

गोजरबाईंनी फोन ठेवला. त्या दिवशी त्या ओट्यावर बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आळीत हळद होती. त्यांनी डोके दुखते म्हणून सांगितले. माधवीने हे सगळे भावेशला कळवले. काय करायचे यावर दोन्ही देशांत विचारविनिमय झाला. शेवटी माधवीने मागच्या खोलीत जाऊन त्या राखाडी भिंतीचा, दिव्याचा आणि झाडाचा एक चांगला उजेडातला फोटो काढला आणि पाठवून दिला. फोनमध्ये आजकाल सोय असते, हवी ती भिंत आपल्या मागे लावता येते.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता भावेश तिकडच्या ओल्या खोलीत, तिकडच्या गादीवर, खरवईच्या भिंतीपुढे बसला. जॅकेट घालून.

"आता कसं," गोजरबाई म्हणाल्या. "परवा कुठं गेला होतास मेल्या?"

तेव्हापासून सर्व सुरळीत आहे. गोजरबाई पुन्हा बाहेर पडू लागल्या. मागच्या महिन्यात एका लग्नाच्या मांडवात पाय घसरून त्यांचे हाड मोडले. पाय गुडघ्यापासून खाली प्लास्टरमध्ये आहे, सहा आठवडे. दुपारी सव्वा एकला माधवी चिमीला घेऊन गावात पोचते, त्यांना उशीला टेकवून बसवते, चांगली साडी खांद्यावर लावते, औषधांचा डबा पलंगाखाली सरकवते. "पाय दिसाय नको गं," त्या बजावतात. "तिकडं एकटा हाय तो. जिवाला लावून घेईल." फोन चिमी धरते. तिचा हात हलत नाही.

ही कार्यपद्धती कोणा वाचकाला अप्रामाणिक वाटल्यास त्यांनी आपल्या घरातला शेवटचा व्हिडिओ कॉल आठवून पाहावा. फोन उचलण्याआधी खुर्ची कोणत्या भिंतीकडे वळवली होती, कोणाला जरा आत जायला सांगितले होते, कोणता रिपोर्ट पेपराखाली ढकलला होता. आणि पलीकडून 'सगळं बरं ना?' असे विचारल्यावर तुम्ही किती वेळात 'हो' म्हणालात.

चिमीला 'हो' म्हणायला अजून दोन सेकंद लागतात. पण ती लहान आहे.